न पाहिलेल्या घराची साक्ष

समोरच्या काकूंनी पेनचे टोपण काढले, कागदावर हात टेकला आणि पुन्हा उचलून घेतला. "घर कसं आहे गं?" त्यांनी विचारले. मी म्हणाले, "काकू, घराची साक्ष द्यायचीच नाही. मी तुमच्यासमोर सही केली, एवढीच साक्ष." "ते कळलं मला. पण घराच्या कागदावर माझं नाव चढणार, आणि ते घर मी पाहिलेलं नाही. बघू तरी." मार्चमधली सकाळ होती. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत भंगारवाला ओरडत चालला होता, काकू आमच्या हिंचक्यावर पाटावर कागद ठेवून बसल्या होत्या, आणि त्यांचे अक्षर हलू नये म्हणून मी हिंचक्याची कडी गुडघ्याने अडवून धरली होती. कागद इंग्लंडच्या लँड रजिस्ट्रीचा होता. टीआर-१ नावाचा तो दस्त म्हणजे लेस्टरमधले आमचे घर दुसऱ्याच्या नावावर करून देणारे खरेदीखत. सही करताना साक्षीदार प्रत्यक्ष समोर हवा, व्हिडिओवर चालणार नाही, आणि शक्यतो घरातला नको, असे आमच्या तिकडच्या वकीलबाईंनी दोनदा बजावले होते. म्हणून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका असलेल्या काकूंना रस्ता ओलांडून यावे लागले.

मी फोनवर एजंटाने काढलेली छायाचित्रे उघडली. घरे विकणारे लोक रुंद कोनाच्या लेन्सने फोटो काढतात, त्यामुळे आमची चिंचोळी बैठकीची खोली एखाद्या कार्यालयाच्या हॉलसारखी दिसत होती. रिकामी, पांढरीशुभ्र, भिंतीवर कशाची खूण नसलेली. काकूंनी एकेक फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. "ओटा एवढाच?" "देव कुठे होते?" मी एका कपाटाकडे बोट दाखवले, ज्यात आता काहीच नव्हते. "आणि तुळस?" ती स्वयंपाकघराच्या खिडकीत असे, दर नोव्हेंबरात मरत असे आणि दर मे महिन्यात आम्ही नवे रोप आणत असू, हे सांगता सांगता माझ्या लक्षात आले की ही गोष्ट बडोद्यात मी पहिल्यांदाच कोणाला तरी सांगते आहे. बावीस वर्षे ज्या घरात राहिलो, ते घर सासूबाईंच्या एका उन्हाळ्याच्या मुक्कामाखेरीज इथल्या कोणीही पाहिले नव्हते, आणि सासूबाई आता नाहीत. काकूंनी फोन परत दिला, "स्वच्छ ठेवलं होतंस हो," असे म्हणाल्या आणि शाळेच्या फळ्यावर लिहावे तशा अक्षरात आपले नाव आणि पत्ता लिहिला. लेस्टरच्या घराच्या दस्तावर दांडिया बाजार, वडोदरा असे उमटले.

त्यांनी तारखेच्या जागेकडे पेन नेले तेव्हा मी घाईने त्यांचा हात धरला.

तारीख लिहायची नव्हती. हा त्या व्यवहाराचा नियम आहे: विकणारा आधीच सही करून कागद वकिलाकडे ठेवतो आणि ज्या दिवशी पैसे पोहोचतात त्या दिवशी वकील त्यावर तारीख घालतो. मला नियम समजला होता, पण पोटात कालवायचे ते कालवलेच. माझ्या वडिलांची सगळी नोकरी सुरसागराकाठच्या न्यायमंदिरात, १८९६ सालच्या त्या इमारतीत, कोर्टाच्या कारकुनीत गेली. घरी ते फारसे काही शिकवत नसत. फक्त एक गोष्ट आम्हा भावंडांना पाढ्यासारखी पाठ करायला लावली होती: तारीख नसलेल्या कागदावर सही करणे म्हणजे दार सताड उघडे टाकून झोपणे. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी नेमके तेच करत होते, शिवाय एका भल्या म्हाताऱ्या बाईलाही करायला लावत होते, आणि सात हजार किलोमीटरांवरच्या, जिचा चेहरा मी केवळ पडद्यावर पाहिला आहे अशा बाईच्या भरवशावर तो कागद कुरियरने पाठवणार होते. कागदावर मुद्रांक नाही, शिक्का नाही, अंगठा नाही. दस्ताला मोहोर लावण्याची व्यक्तींवरची सक्ती इंग्लंडने १९८९ च्या कायद्याने काढून टाकली. "हा दस्त म्हणून केला आहे" असे छापील शब्द आणि एक साक्षीदार, बस्स. वडील असते तर त्यांनी तो कागद उलटसुलट करून उजेडात धरून पाहिला असता.

तिकडची पद्धत इथल्या माणसाला समजावून सांगणे हा एक वेगळाच उद्योग होता. आमच्याकडे सौदा ठरला की टोकन देतात, मग बानाखत, म्हणजे साठेखत, होते, मग दस्तावेज, आणि सब रजिस्ट्रारच्या कचेरीत फोटो आणि अंगठे. प्रत्येक पायरीवर काहीतरी हातात येते. इंग्लंडमध्ये (वेल्समध्येही तेच, स्कॉटलंडचे निराळे) किंमत कबूल झाल्यावर तीन-चार महिने कोणीच कोणाला बांधील नसते. घेणारा कधीही माघार घेऊ शकतो, विकणारा जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो. शिवाय साखळी असते: आमचे घर घेणाऱ्यांचे छोटे घर दुसरे कोणी घेणार, त्यांचे तिसरे, आणि एकाचा बँकेचा कागद अडला की सगळे अडले. मग एके दिवशी दोन्हीकडचे वकील एकमेकांना फोन करतात, ठरलेल्या नमुन्यातली वाक्ये उच्चारतात, वेळ टिपून ठेवतात आणि त्या क्षणी करार पक्का होतो. म्हणजे फोनवर. काकूंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे शब्दावर?" मी हो म्हणाले. "मग आपल्याकडे उगाच म्हणतात की गोरे लोक कागदाशिवाय बोलत नाहीत." आमच्या घराचा तो फोन मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात झाला. मी त्या वेळी खंडेराव मार्केटात कैऱ्या निवडत होते. घर विकले गेल्याचा ईमेल मी पिशवी खांद्यावर अडकवून वाचला आणि अर्धा किलोच्या जागी दोन किलो कैऱ्या घेऊन आले.

पण त्याआधी त्यांच्या प्रश्नावल्या भराव्या लागल्या, आणि खरे सांगायचे तर त्या भरताना मी जितकी त्या घरात फिरले तितकी प्रत्यक्ष राहतानाही फिरले नसेन. एका फॉर्मात विचारले होते की रस्त्याकडून घराकडे तोंड करून उभे राहिल्यास डावीकडची हद्द कोण सांभाळते, उजवीकडची कोण, मागची कोण. मी बडोद्याच्या माडीवर डोळे मिटून त्या रस्त्यावर उभी राहिले. डावीकडे आमच्या गुजराती शेजारीण बांचे कुंपण, उजवीकडे आमचे, जे वादळात दोनदा पडले. शेजाऱ्यांशी तंटा? नाही. दुसऱ्या फॉर्मात घरातल्या वस्तूंची यादी होती आणि प्रत्येकीपुढे चौकटी: घरासोबत जाणार, घरासोबत जाणार नाही. पडद्यांच्या दांड्या, कपडे वाळत घालायची फिरती छत्री, कचऱ्याचे डबे, झाडे, झुडपे. दिवा काढून नेणार असाल तर तिथे वायर, होल्डर आणि बल्ब लावून जावे, असेही त्यात लिहिले होते, आणि त्या एका वाक्यावर माझा जीव जडला. निघताना अंधार करून जाऊ नका, एवढे साधे सौजन्य कोणीतरी छापील मजकुरात बसवले होते. जुईचा वेल मी "घरासोबत जाणार" मध्ये घातला, कारण जमिनीत रुजलेले ते घराचेच असते. कढीपत्त्याची कुंडी २०२१ मध्ये बांना देऊन आलो होतो.

एवढे सगळे भरून दिल्यावर घेणाऱ्यांच्या वकिलाकडून जादा प्रश्न आले. सहावा प्रश्न असा होता: पुढच्या शयनगृहाच्या खिडकीच्या चौकटीबाहेर लोखंडी कडी बसवलेली आढळते, ती कशासाठी आहे आणि ती बसवण्यास कोणाची परवानगी आवश्यक होती काय?

ती गुढीची कडी होती. १९९९ साली घर घेतले, त्यानंतरच्या पहिल्याच पाडव्याला काठी दोरीने बांधली आणि वाऱ्याने ती तांब्यासकट शेजारच्या मोटारीवर पडली. पुढच्या वर्षी नवऱ्याने ड्रिल आणून ती कडी बसवली. आता या प्रश्नाला उत्तर काय द्यायचे? मी पहिल्यांदा एक लांबलचक परिच्छेद लिहिला, ज्यात शालिवाहन होता, कडुलिंब होता आणि लेस्टरला कडुलिंब मिळत नसल्याने आम्ही काय लावत असू तेही होते. नवऱ्याने तो वाचला आणि म्हणाला, "वकिलाला पानामागे पैसे द्यावे लागतात." शेवटी आम्ही कळवले: वर्षातून एक दिवस सणाची काठी उभी करण्यासाठी, परवानगीची आवश्यकता नव्हती, काढून हवी असल्यास काढून देऊ. उत्तर आले की राहू द्या. घेणारे जोडपे मूळचे केरळचे, दोघेही रुग्णालयात कामाला. फुलांची टांगती टोपली लावायला ती उपयोगी पडेल, असे एजंटाने सांगितले.

करांचे प्रकरण मी थोडक्यात आटोपते, कारण ते आठवले तरी अजून डोके धरते. पण त्यातल्या दोन गोष्टी मनातून जात नाहीत. परदेशात राहणाऱ्याने ब्रिटनमधले राहते घर विकले तर व्यवहार पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांच्या आत तिकडच्या कर खात्याला कळवावे लागते, कर निघत नसला तरीही, आणि नफा साधारणपणे एप्रिल २०१५ च्या किमतीपासून मोजतात, कारण अनिवासींना हा कर त्या महिन्यापासून लागू झाला. तेव्हा एका मूल्यमापकाकडून त्या एप्रिलमधली घराची किंमत काढून घेतली. तो आकडा अर्थात त्याने आजूबाजूच्या विक्रीवरून काढला. मला मात्र तो एप्रिल आठवला: मुलाची बारावीची परीक्षा तोंडावर, तो जिन्यात बसून अभ्यास करायचा कारण तिथे रेडिएटर होता, आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर त्याच्या चहाच्या कपाचा गोल डाग. दुसरी गोष्ट अशी की ज्या घरात तुम्ही कधीकाळी स्वतः राहिलात, त्याच्या मालकीचे शेवटचे नऊ महिने तुम्ही तिथे राहत नसलात तरी राहत होतात असे धरून सवलत देतात. कायद्याच्या मते, म्हणजे, गेल्या जून-जुलैपासून आम्ही लेस्टरमध्येच होतो. इकडे आमच्या सीएंनी वेगळाच हिशेब मांडला. परदेशात राहत असताना घेतलेली मिळकत परत आल्यावरही बाळगायला फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, कलम ६(४) ची मोकळीक आहे, पण विवरणपत्रात ती दाखवावी लागते. आपले आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, त्यांचे ५ एप्रिलला, आणि आपल्याच विवरणपत्रातला परदेशी मालमत्तेचा तक्ता जानेवारी ते डिसेंबर असा भरायचा. एकाच घराची तीन वर्षे. सीए हसून म्हणाले, "ताई, त्यात विक्रम संवत धरलं नाही हे नशीब समजा."

घर लांब असले की त्याची भीतीही लांबून वाटते. २०२१ साली ल्यूटनमध्ये एका धर्मगुरूचे घर, तो वेल्समध्ये कामावर असताना, त्याच्या नावाने कोणी भलत्यानेच विकून टाकले होते. शेजाऱ्यांनी रात्री घरात दिवे दिसतात असा फोन केला म्हणून त्याला कळले. ती बातमी वाचल्या रात्रीच मी लँड रजिस्ट्रीच्या मोफत सूचनासेवेत घराचे नाव नोंदवले, म्हणजे आमच्या घराच्या नोंदीला कोणी हात लावला की ईमेल यावा. तरी माझी खरी सूचनासेवा म्हणजे डावीकडच्या बा. बा १९७२ साली युगांडातून आल्या. इदी अमीनने नव्वद दिवसांची मुदत देऊन बाहेर काढलेल्या हजारो गुजराती कुटुंबांपैकी एक. लेस्टरच्या नगरपालिकेने तेव्हा युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन आमच्याकडे येऊ नका असे कळवले होते, आणि बा म्हणत की त्या जाहिरातीमुळेच अर्ध्या लोकांना लेस्टरचे नाव समजले. २०२१ मध्ये आम्ही निघालो तेव्हा मी त्यांच्याशी बडोद्याच्या गुजरातीत बोलत, डोळे पुसत उभी होते. घर भाड्याने देतो आहोत, कदाचित पुढे विकू, असे काहीबाही सांगत होते. त्यांनी माझ्या हातातून किल्लीचा जुडगा घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "तमे तो वेचीने जाशो. अमे तो ताळुं मारीने नीकळ्या'ता." तुम्ही तर विकून जाल, आम्ही कुलूप लावून निघालो होतो. त्या कंपालामधल्या घराची किल्ली त्यांच्याकडे अजून आहे, शिवणाच्या डब्यात. माझे रडणे त्या दिवशी तिथेच आटले, आणि नंतर जेव्हा जेव्हा या विक्रीच्या कटकटीवरून मी कुरकुर केली तेव्हा तो डबा डोळ्यांपुढे आला. अर्थात त्याने कुरकुर थांबली असे नाही.

डिसेंबरमध्ये भाडेकरू गेले आणि घर पहिल्यांदाच रिकामे पडले. रिकाम्या घरात थंडीत नळ गोठून फुटतात, आणि घर जास्त दिवस ओस असले की विमा कंपन्याही हात आखडता घेतात. म्हणून ब्रॉडबँड मार्चअखेरपर्यंत चालू ठेवला आणि हीटिंगचे जे अ‍ॅप आम्ही तिथे असताना वापरत होतो ते पुन्हा फोनवर घेतले. त्यात बैठकीच्या खोलीचे तापमान दिसते. चौदा अंशांवर लावून ठेवले होते. जानेवारीत बडोद्याला उत्तरायणाची धामधूम, गच्चीवर पतंग, उंधियूच्या ऑर्डरी, आणि मी जिन्यात उभी राहून बघते आहे की लेस्टरला बैठकीच्या खोलीत १२ अंश कसे झाले. मग मी इथून बॉयलर चालू करायची. कोणी नसलेल्या खोलीत, कोणासाठी नाही, रेडिएटर टकटक करत तापू लागत असतील. आकडा १३ व्हायचा, १४ व्हायचा, आणि मग मला झोप लागायची. नवऱ्याला हे वेड वाटले. ते होतेच. पण दुसरे काही करण्यासारखे त्या घरासाठी माझ्या हातात उरले नव्हते.

व्यवहार पूर्ण होण्याचा दिवस ठरला शुक्रवार, २८ मार्च २०२५. काकूंनी पंचांग पाहिले आणि नाक मुरडले. "अमावस्येच्या आदल्या दिवशी? दोन दिवसांनी तर पाडवा आहे." पाडवा रविवारी होता आणि रविवारी तिकडच्या बँका पैसे पाठवत नाहीत, पण खरे कारण वेगळे होते. इंग्लंडमध्ये अडीच लाख पौंडांपर्यंतच्या घराला मुद्रांक शुल्क लागत नव्हते, ती मर्यादा १ एप्रिलपासून सव्वा लाखावर येणार होती. त्या केरळच्या जोडप्याचे यात दोन हजारांहून अधिक पौंड वाचणार होते. त्या महिनाअखेरीला अर्धा देश घरे बदलण्याच्या घाईत होता, आणि आमच्या वकीलबाईंच्या प्रत्येक ईमेलच्या तळाशी लाल अक्षरांत ताकीद असे की आमच्या बँक खात्याचा क्रमांक बदलल्याचा ईमेल आला तर विश्वास ठेवू नका, फोन करा. मी दोनदा फोन केला, आवाज ओळखीचा वाटला तरी. शुक्रवारी दुपारपासून मी फोन हातातून सोडला नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे त्यांच्या दुपारी पाऊण वाजण्याच्या सुमारास, दोन ओळींचा ईमेल आला. पैसे मिळाले, किल्ल्या एजंटाने दिल्या. समोरच्या ओट्यावरून काकूंनी विचारले, "झालं का गं?" मी म्हणाले, "झालं." "पेढे?" "उद्या." आणि मग मला काय करावे ते सुचेना, म्हणून मी कैऱ्यांच्या लोणच्याची बरणी उगाच हलवून ठेवली.

हीटिंगच्या अ‍ॅपमधून ते घर त्याच दिवशी काढून टाकायला हवे होते. मी यादीत लिहूनही ठेवले होते. रात्री अकराला ते उघडले तेव्हा आकडा १६ होता. मी काहीच केले नव्हते. पाहता पाहता १७ झाला. कोणीतरी भिंतीवरच्या तबकडीला हात लावला होता, जिन्याखालच्या त्या तबकडीला, जिच्यापुढे उभे राहून आमची बावीस वर्षे एक अंश वर की एक अंश खाली यावरून भांडणे झाली. दुसऱ्याच्या घरात डोकावणे आहे हे, मला पुरते कळत होते, आणि तरीही मी शनिवारी तीनदा डोकावले. एकोणीस. वीस. दुपारी पुन्हा वीस. बहुधा खोकी उघडत असतील, दारे उघडी राहत असतील.

रविवारी सकाळी गुढी उभारली. त्याच पहाटे इंग्लंडमधली घड्याळे तासभर पुढे गेली होती, म्हणजे तिकडे अजून नीट उजाडलेही नसणार. काकू कडुलिंबाचा पाला आणि गूळ घेऊन आल्या आणि हिंचक्यावर बसल्या. मी त्यांना अ‍ॅपची गोष्ट सांगितली, काहीशी ओशाळून, आणि म्हटले की आता लगेच काढून टाकते. "थांब," त्या म्हणाल्या, "आत्ता किती आहे?"

मी पाहिले. "वीस."

"मग ठीक आहे," काकू म्हणाल्या आणि हिंचक्याला पायाने हलकेच रेटा दिला. "काढ आता."